आधी वर्तुळ, मग उडी: आमच्या भागातल्या आर्टिस्टिक स्केटिंग क्लासबद्दल

या क्लासच्या कोब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं तीन वर्तुळं आखलेली आहेत, एकाला एक टेकून, एका रांगेत. प्रत्येकाचा व्यास ६ मीटर. मी टेप लावून उभा-आडवा मोजलाय, माप जुळतं. कोच मॅडमनी मधे खिळा ठोकून, ३ मीटरची दोरी ताणून ती स्वतः आखली आणि दर पावसाळा संपला की स्वतःच पुन्हा रंगवतात. माझी नात या क्लासला टिकली आणि घरच्यांनी तिला टिकू दिलं, त्यामागे ही तीन वर्तुळं आहेत. म्हणून अभिप्राय तिथूनच सुरू करतो.

मी अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. अख्खी नोकरी बोगी, चाकं आणि बेअरिंगांत गेली. नातीला ॲक्टिव्हावर मीच घेऊन जातो आणि सुटेपर्यंत कट्ट्यावर बसतो, त्यामुळे इथे लिहितोय ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

नागपुरात स्केटिंग म्हटलं की बहुतेकांना स्पीड स्केटिंग आठवतं. रिंकभोवती शर्यत, जो पहिला आला तो जिंकला. हा क्लास त्याचा नाही. टीव्हीवर बर्फावर गिरक्या घेत उड्या मारणारे खेळाडू आपण बघतो, ते फिगर स्केटिंग. त्याचंच चाकांवरचं भावंड म्हणजे आर्टिस्टिक रोलर स्केटिंग. उड्यांची नावं बहुतेक तीच, स्पिन बऱ्याच त्याच, संगीतावर बसवलेला कार्यक्रमही तसाच. आपल्या देशात बर्फाची सोय म्हणजे डेहराडूनची रिंक, गुरुग्रामच्या एका मॉलमधली रिंक आणि थंडीत शिमला, लडाख, गुलमर्ग. मे महिन्यात पारा ४५ ओलांडणाऱ्या आपल्या गावात हा खेळ चाकांवरच शिकायचा, आणि चाकांवरही तो पुरेपूर अवघड आहे.

कोच मॅडम स्वतः स्पर्धक होत्या. फ्री स्केटिंग, म्हणजे संगीतावर उड्या-गिरक्यांचा कार्यक्रम, हा त्यांचा प्रकार. राज्य पातळीवर पदकं, राष्ट्रीय स्पर्धेत अनेकदा सहभाग, तिथे मात्र पदक हुकत राहिलं, आणि पुढे गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं, स्पर्धा थांबली. हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलेलं नाही. नवीन पालक आले की त्या पहिल्याच भेटीत सांगून टाकतात. माझ्यासमोर एका वडिलांनी सरळ विचारलं होतं, "मॅडम, नॅशनलला तुमचा नंबर कितवा आला होता?" त्यांनी आकडा सांगितला आणि पुढे म्हणाल्या, "माझ्या उडीत काय कमी पडत होतं, ते मला आता कळतं. तेवढं मी तुमच्या मुलाला लवकर सांगू शकते." मला ही बाई त्याच दिवशी पटली.

पहिल्या आठवड्यात मुलांना फार पळवत नाहीत. पडायला शिकवतात. स्केट्स न घालता, गादीवर, मग कोब्यावर. गुडघे वाकवून खाली जायचं, कुशीवर पडायचं, हात मागे टेकायचा नाही, आणि पडल्या पडल्या मुठी आवळायच्या. मुठी कशासाठी, तर मागून येणाऱ्याचं चाक उघड्या बोटांवरून जाऊ नये म्हणून. उठायचीही पद्धत आहे: आधी गुडघ्यावर, मग एक पाय, दोन्ही हात त्या मांडीवर, मग उभं. माझी नात पडली की घाबरून इकडेतिकडे बघायची. आता पडते, मुठी आवळते, उठते आणि पुढच्या गिरकीला लागते. शाळेच्या जिन्यात पाय घसरला तेव्हाही ती तशीच कुशीवर पडली, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. या एका गोष्टीसाठी मी महिन्याची फी आनंदानं दिली असती.

आता वर्तुळं. क्वाड स्केटला पुढे दोन आणि मागे दोन चाकं. पुढचा आणि मागचा आस ज्या भागावर बसतो त्याला ट्रक म्हणतात, आणि ट्रकमध्ये रबराचं कुशन असतं. पाय एका बाजूला झुकला की कुशन दबतं, पुढचा आस वळणाच्या दिशेनं आणि मागचा त्याच्या उलट फिरतो, आणि स्केट आपोआप गोलाईत जातो. आमच्या शेडमधली बोगी वळणावर वळते ती रुळाच्या आधारानं. इथे रूळ नसतो, मुलानं शरीर किती झुकवलं तोच त्याचा रूळ. झुकाव कायम ठेवला तर वर्तुळ नेमकं पूर्ण होतं. मधे कुठे डळमळला की चाक रेघ सोडतं. तीन वर्तुळं ओळीनं असली की एका वर्तुळातून दुसऱ्यात जाताना आतला झुकाव सोडून बाहेरचा झुकाव घ्यावा लागतो, तोही रेघेवरच. मॅडमच्या भाषेत हे 'एज' बदलणं. सगळ्या उड्या, सगळ्या गिरक्या या एजमधून निघतात. लुट्झ ही उडी मागे जाताना बाहेरच्या एजवरून घ्यायची असते, पण ऐन उडीच्या क्षणी बऱ्याच जणांचा पाय आतल्या एजवर घसरतो आणि उडीचा कसच जातो. ज्या मुलाला वर्तुळावर बाहेरचा एज धरून ठेवता येतो, त्याला पुढे तिथे झगडावं लागत नाही.

बर्फावरच्या खेळात वर्तुळं गिरवण्याला एके काळी फार मान होता. पूर्वी निम्म्याहून जास्त गुण त्याचे असायचे. ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शुबा १९७२च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकली ती मुख्यतः वर्तुळांच्या जोरावर. प्रेक्षकांना टीव्हीवर ते बघायला कंटाळा यायचा, त्याचं वजन कमी होत गेलं आणि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ते काढून टाकलं. रोलरमध्ये मात्र फिगर्स, म्हणजे वर्तुळं गिरवणं, हा स्वतंत्र प्रकार राहिला. मॅडम स्ट्रेचिंगच्या वेळी मुलांना या गोष्टी सांगतात, आणि पोट्टे हातपाय ताणायचं विसरून ऐकत बसतात. मग एक हाक येते आणि पुन्हा सगळे वाकतात.

पालकांची खरी परीक्षा इथेच आहे. पहिले कित्येक महिने मूल वर्तुळंच गिरवतं. घरी व्हिडिओ पाठवावा असं काही हाती लागत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका आईनं वैतागून विचारलं, "मॅडम, अजून किती दिवस गोल गोलच फिरवून राहिल्या तुम्ही पोरीला?" मॅडम म्हणाल्या, "ती चुकली हे मी सांगायच्या आधी तिला कळेल, तोवर." त्या आई अजूनही येतात. काही जण सोडूनही गेले. ज्यांना वर्षाच्या आत पदक हवं आहे त्यांनी इथे येऊ नये, हे मी मनापासून आणि कुणाचाही राग न धरता सांगतो. मूलही दुखावतं आणि पालकही.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट: या बाई कानानं शिकवतात. पोर्‍हं वर्तुळावर असताना त्या कधीकधी मुद्दाम पाठ करून उभ्या राहतात. चारही चाकं कोब्याला नीट धरून असली की एकसारखा, भरलेला आवाज येतो. थ्री-टर्न घेताना, म्हणजे एकाच पायावर पुढून मागे वळताना, तो आवाज क्षणभर हलका होतो आणि लगेच परत येतो. वळण जोर लावून, चाकं घासून घेतलं की खर्र होतं. त्या मागे न बघता म्हणतात, "खांदा आधी गेला, परत." आणि खरंच खांदा आधी गेलेला असतो. मी शेडमध्ये बेअरिंगचा आवाज ऐकून दोष सांगणारी माणसं पाहिली आहेत, त्यांच्या हाताखाली शिकलोय. तसा कान घडायला वर्षं लागतात, आणि तो घडतो स्वतः काम करून. स्वतः हजारो वेळा त्या वळणावर घसरलेल्या माणसाशिवाय दुसरं कुणी हे शिकवू शकेल असं मला वाटत नाही.

उड्यांचं शिक्षण उलट्या बाजूनं सुरू होतं, उतरण्यापासून. उजव्या पायावर, मागे जात, बाहेरच्या एजवर, डावा पाय मागे लांब, हात उघडे, आणि तीन म्हणेपर्यंत हलायचं नाही. मुलं जागेवरच छोटी टुणकी मारून ही अवस्था धरायला शिकतात. ती जमली की वॉल्ट्झ जंप, अर्ध्या फेरीची. मग सालकाव, मग टो-लूप. सालकाव शिकवताना त्या उल्रिख सालकावची गोष्ट सांगतात: स्वीडनचा, दहा वेळा जगज्जेता, १९०८ला लंडनमध्ये फिगर स्केटिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हाचा सुवर्णविजेता. ॲक्सलची पाळी आमच्या बॅचमध्ये दोघींवरच आली आहे. पूर्ण फेरीच्या उड्यांत ती एकच पुढे तोंड करून घेतात आणि मागे तोंड करून उतरतात, म्हणून सिंगल असली तरी दीड फेरी होते. नॉर्वेच्या ॲक्सल पॉल्सननं ती १८८२मध्ये व्हिएन्नात करून दाखवली, तीही स्पीडचे लांब स्केट्स घालून. आमच्या नातीला हे तोंडपाठ आहे आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती ते ऐकवते.

दिवसाला किती उड्या मारायच्या यावर मॅडमची मर्यादा आहे आणि ती कुणासाठी मोडत नाहीत. जिल्हा स्पर्धा तोंडावर होती, एका मुलीची टाच दुखत होती, तरी वडील म्हणत होते की चालेल, अजून दहा मारू द्या. मॅडमनी तिचे स्केट्स काढायला लावले आणि त्या दिवशी तिला फक्त संगीत ऐकत हातांच्या हालचाली करायला बसवलं. वडिलांना त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, माझा गुडघा असाच 'चालेल' म्हणत गेला. वाढत्या वयातली टाच आहे, तिला वेळ द्या." मुलगी ती स्पर्धा दोन उड्या कमी करून खेळली. माझ्या मते हा या क्लासचा सगळ्यात मोठा गुण आहे. स्वतःच्या शरीराची किंमत मोजलेला माणूस दुसऱ्याच्या लेकराच्या शरीराशी असा वागतो.

कोच स्वतः किती मोठा खेळाडू होता यावर पालकांत फार चर्चा चालते, म्हणून थोडं लिहितो. कॅनडाचा ब्रायन ऑर्सर १९८४ आणि १९८८ अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये रौप्यावर थांबला. पुढे तो कोच झाला आणि दक्षिण कोरियाच्या युना किमनं २०१०ला, जपानच्या युझुरु हान्यूनं २०१४ आणि २०१८ला त्याच्याकडे शिकून सुवर्ण जिंकलं. जे पदक त्याला स्वतःला मिळालं नाही ते त्यानं दोघांच्या हातात दिलं. आणि कोच नसले तर खेळाचं काय होतं, हेही याच खेळात दिसलं. १५ फेब्रुवारी १९६१ला ब्रसेल्सजवळ विमान कोसळलं आणि प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा अख्खा संघ गेला. १८ स्केटर, आणि त्यांच्यासोबत त्यांचे कोच. पेगी फ्लेमिंग तेव्हा लहान मुलगी होती, तिचे कोच बिल किप त्या विमानात होते. खेळाडूंची नवी पिढी उभी राहायला वेळ लागणारच होता, पण शिकवणार कोण हा प्रश्न त्याहून मोठा होता. शेवटी बाहेरून माणसं आणावी लागली. इटलीचा कार्लो फासी, स्वतः १९५३ आणि १९५४चा युरोपियन विजेता, अमेरिकेत आला आणि त्याच्याकडे शिकून फ्लेमिंगनं १९६८ला ग्रेनोबलमध्ये सुवर्ण जिंकलं. या खेळातलं ज्ञान पुस्तकात फार कमी आहे. ते माणसांत असतं आणि माणसाकडून माणसाकडे जातं. आमच्या भागात ते एका माणसाजवळ आहे, ती रोज पहाटे येते आणि कोबा झाडून घेते. म्हणून मी एवढं लांब लिहून राहिलो आहे.

मुलगे कमी आहेत. "हा पोरींचा खेळ" असं म्हणून कित्येक घरांतून मुलांना स्पीडकडे पाठवतात. मॅडम अशा पालकांना हैदराबादच्या अनुप कुमार यामाचं उदाहरण देतात. २०१०च्या ग्वांगझू एशियाडमध्ये त्यानं पुरुषांच्या फ्री स्केटिंगमध्ये कांस्य जिंकलं आणि अवनी पांचाळसोबत जोडीतही कांस्य. २०१५ला त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या बॅचमधला एक मुलगा त्याचा फोटो कंपासपेटीत ठेवतो. हा मुलगा फिरकीत सगळ्यांत पुढे आहे. घरात मुलगा असेल आणि त्याला नाचायची, संगीताची ओढ असेल, तर जरूर आणा.

स्केट्सच्या बाबतीत क्लासचा व्यवहार स्वच्छ आहे. मॅडम स्केट्स विकत नाहीत, कुठल्या दुकानाची चिठ्ठीही देत नाहीत. सुरुवातीला क्लासचे जुने जोड महिन्याला ३०० रुपये भाड्यानं मिळतात. मूल टिकतं असं दिसलं की मगच विकत घ्या म्हणतात, आणि शक्यतो मोठ्या मुलांचे लहान झालेले जोड आधी दाखवतात. बूट मात्र पायाच्या मापाचाच हवा. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून एक नंबर मोठा घेतलेला बूट त्या परत करायला लावतात, कारण घोटा आत हलला की एज धरताच येत नाही. एडियाचे बूट, रोल-लाइनच्या चासी (बुटाखालचा चाकांचा सांगाडा) असे इटलीचे जोड फार महाग असतात. त्यांची गरज उड्या एका फेरीच्या पुढे गेल्यावर, तोवर कुणी आग्रह केला तरी घाई करू नका.

ट्रकचा नट किती आवळायचा हे मुलाच्या वजनावर ठरतं. हलक्या मुलाला कुशन मऊ आणि नट थोडा सैल, नाहीतर झुकूनही स्केट वळत नाही आणि मूल बिचारं जोर लावून थकतं. मॅडम प्रत्येक मुलाचा नट स्वतः बघतात. बेअरिंगकडे बघायला त्यांना वेळ पुरत नव्हता, ते मी रविवारी करतो. नागपूरची उन्हाळी धूळ बेअरिंग खाते. शील्ड, म्हणजे बेअरिंगचं झाकण, काढून, पेट्रोलनं धुऊन, पूर्ण वाळवून एक-दोन थेंब पातळ तेल, एवढंच. बरेच पालक घरी ग्रीस भरून आणतात, त्यानं धूळ जास्त चिकटते आणि चाक जड फिरतं. आणखी एक: आसाची जाडी बघून बेअरिंग घ्या. साध्या जोडांना बहुधा ८ मिलिमीटरच्या आसाचं ६०८ नंबरचं बेअरिंग लागतं, पण स्पर्धेच्या अनेक जोडांचा आस ७ मिलिमीटरचा असतो, त्याला ६२७. बाहेरून दोन्ही २२ मिलिमीटर, म्हणून दुकानात सर्रास चुकीचं हातात पडतं.

आता उणिवा. जागेवर छप्पर नाही. पावसाळ्यात कोबा ओला राहिला की स्केट्सवरचा सराव बंद, आणि ओल्यावर चालवायला त्या कधीच तयार होत नाहीत, ते बरोबरच आहे. तेव्हा जवळच्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये व्यायाम, बॅले, स्केट्स न घालता उड्यांचा कोरडा सराव होतो. लग्नाची तारीख आली की तोही हॉल जातो. बुडालेल्या दिवसांची फी वळती होत नाही. पावसाळ्यापुरती फी कमी करावी असं मी त्यांना सांगितलं आहे आणि इथेही लिहितो, कारण दोन मुलं असलेल्या घराला ते जड जातं. कोब्याच्या पूर्व टोकाला एक भेग आहे, सिमेंट भरूनही दरवर्षी उघडते. मुलांना ती माहीत आहे, नवीन मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा. मुलींना कपडे बदलायला नीट जागा नाही, घरूनच तयार होऊन यावं लागतं. पालकांना बसायला एक कट्टा, तोही उन्हाळ्यात सात वाजता तापतो.

बॅच मोठी झाली आहे. लहान मुलांना बऱ्याचदा मॅडमच्या हाताखालची मोठी मुलगी शिकवते. ती चांगली आहे, प्रेमळ आहे, पण तिला मॅडमचा कान अजून आलेला नाही. तुमचं मूल अगदी नवं असेल तर आठवड्यातून किमान दोन दिवस मॅडम स्वतः घेतील का, हे आधी विचारून घ्या. विचारलं की त्या तसं करतात.

सराव चालू असताना पालकांना व्हिडिओ काढायची बंदी आहे. काही जणांना हे जाचतं. मला पटतं. कॅमेरा समोर आला की मूल उडी उतरण्याऐवजी हसायला बघतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलं आपापला भाग करून दाखवतात, तेव्हा हवं तेवढं शूटिंग करा. प्रगतीचं लेखी काहीच मिळत नाही, ही माझी तक्रार आहे. एखादी वही ठेवली, कुठला एज जमला, कुठलं वळण बाकी, तर कामावर जाणाऱ्या आईवडिलांनाही कळेल. माझ्यासारखा रोज बसणारा माणूस प्रत्येक घरात नसतो.

स्पर्धेच्या गुणांबद्दल पालकांत फार गैरसमज असतात, आणि मॅडमनी त्यासाठी एक रविवार खास काढला. त्या खेळत होत्या तेव्हा परीक्षक एकंदर गुण द्यायचे. आता रोलआर्ट ही पद्धत आहे: प्रत्येक उडीला, स्पिनला ठरलेली किंमत, आणि ती कशी झाली त्यावर उणे ३ ते अधिक ३ पर्यंतची श्रेणी. फेरी अर्धवट राहिली तर किंमतच घसरते. त्यांनी फळ्यावर दोन मुलींचा हिशेब मांडून दाखवला: एकीनं अवघड उडी अर्धवट केली, दुसरीनं सोपी उडी स्वच्छ उतरवली, आणि दुसरी पुढे गेली. त्या दिवसानंतर "तिला डबल (दोन फेऱ्यांची उडी) कधी शिकवणार" हा प्रश्न कट्ट्यावर बराच कमी झाला. पोशाखावरही त्या आवर घालतात. शिवून घेतलेला साधा ड्रेस चालतो, खडे-टिकल्यांसाठी हजारो रुपये घालू नका असं स्पष्ट सांगतात. शिवाय खडा गळून कोब्यावर पडला तर मागच्या स्केटरचं चाक त्यावर अडतं.

स्पर्धेच्या दिवशी मॅडम कशा वागतात ते बघण्यासारखं आहे. रिंकवर जायच्या आधी प्रत्येक मुलाच्या लेस स्वतः तपासतात, टो-स्टॉपचा, म्हणजे स्केटच्या पुढच्या टोकाच्या रबरी ठोकळ्याचा, बोल्ट हातानं फिरवून बघतात, आणि कानात एकच सूचना देतात. माझ्या नातीला काय सांगितलं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही, ते दोघींचं गुपित आहे. ती दुसऱ्या उडीला पडली, मुठी आवळल्या, उठली आणि संगीत पकडलं. बाहेर आली तेव्हा मॅडम पहिलं वाक्य बोलल्या ते पडण्याबद्दल नव्हतं. "शेवटचं वर्तुळ किती सुंदर गेलं गं!" माझे डोळे भरून आले, लिहायला हरकत नाही. पडण्याची चर्चा दोन दिवसांनी सरावात झाली, आणि ती अगदी बारकाईनं झाली.

कामाची माहिती: वर्ग आठवड्यातून चार दिवस. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते सात, थंडीत सकाळी साडेसहा ते आठ, कारण डिसेंबरात स्नायू तापायलाच वीस मिनिटं जातात. फी महिन्याला १८०० रुपये, प्रवेश फी नाही. हेल्मेट आणि गुडघ्याची गार्ड स्वतःची आणावी. हेल्मेटशिवाय नवीन मुलाला कोब्यावर पाय ठेवू देत नाहीत. वय पाचच्या पुढे. तान्हा पोळ्याला सुटी असते, बाकी सणांचं ग्रुपवर कळवतात. छत्रपती चौक मेट्रो स्टेशनवरून ऑटो मिळतो, पण पहाटेच्या वर्गाला स्वतःचं वाहन हवं. सुटल्यावर कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे मिळतात, मुलांना भूक फार लागलेली असते, सुटे पैसे ठेवा.

नवीन बॅच दिवाळीनंतर सुरू होईल. नाव घालायच्या आधी मुलाला दोन-तीन दिवस नुसतं बघायला आणा, मॅडम त्याला परवानगी देतात आणि पैसे घेत नाहीत. कट्ट्यावर मी असतोच, बेअरिंगचं किंवा बुटाच्या मापाचं काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा.